रान माजलंय म्हणे

आंबोलीत आमच्या वाडीवर चतुर्थीच्या आधी आठ दिवस एकच आवाज असतो, ग्रास कटरचा. मुंबई-पुण्याची माणसं यायच्या आत घरामागचं परडं माणसात आणायचं असतं ना! गेल्या वर्षी मीही पुण्यातून फोनवर सांगून मोकळा झालो, गडग्याकडचं, म्हणजे दगडी कुंपणाकडचं, सगळं रान काढून टाका. कंबरभर झुडपं होती. चार कारवीची, बाकी बरीचशी रानमोडीच. पोचलो तेव्हा परडं एकदम चकाचक.

रात्री पडवीत चहा घेऊन बसलो आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. जुलैत आलो होतो तेव्हा याच गडग्यावरून रात्रभर टिक-टिक-टिक चालू होतं, जुन्या टाइपरायटरवर कुणी अर्ज बडवावा तसं. पावसाळा सरत आला की हे आवाज मंदावतात, मान्य. पण रस्त्यापलीकडच्या झाळीत चालूच होते की. गप्प होतं ते फक्त आमचं परडं.

ही टिकटिक बॉम्बे बुश फ्रॉगची, म्हणजे झुडपात राहणाऱ्या एका छोट्या बेडकाची. नाव बॉम्बे, पण 1919 साली अ‍ॅनंडेल या प्राणिशास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं ते कर्नाटकातल्या कॅसलरॉकच्या बेडकांवरून. तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता, म्हणून हे नाव चिकटलं. त्याचाच एक शेजारी थेट आपल्या गावाचं नाव घेऊन बसलाय, आंबोली बुश फ्रॉग. बिजू आणि बॉस्युट या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद केली. पुढे तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून गेला. त्याच्या गोतावळ्यातल्या बहुतेक जाती श्रीलंकेत. मधला समुद्र आटून जमीन उघडी पडायची त्या काळात यांचे पूर्वज तिकडून इकडे आले, असं जनुकांच्या अभ्यासातून मांडलं गेलंय. म्हणजे आमच्या गडग्यावरचा पाहुणा आमच्यापेक्षा लांबून आलेला, आणि कितीतरी आधी.

जुलैत हा आंबोली बुश फ्रॉग टॉर्चच्या उजेडात अगदी हातभर अंतरावर दिसला होता. काडेपेटीत मावेल एवढा जीव. बोटांच्या टोकाला चपट्या चकत्या, त्यांनी पान घट्ट धरलेलं. अंगाचा रंग वाळक्या पानाचा. तीन फुटांवर दुसरा होता, तो चक्क राखाडी! मला आधी वाटलं वेगळीच जात, पण या एकाच जातीत रंगांच्या नाना तऱ्हा असतात. तिसरा कुठेतरी ओरडत होता, तो काही शेवटपर्यंत सापडला नाही.

बेडूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डबकं येतं. शाळेत तेच चित्र काढलंय, अंडी, शेपटीवाली पिल्लं, मग बेडूक. या झुडपातल्या मंडळींना डबकं लागतच नाही. मादी ओलसर आडोशाला मोजकी अंडी घालते. शेपटीची अवस्था अंड्याच्या आतच उरकते आणि काही आठवड्यांनी बाहेर पडतो तो नखाएवढा तयार बेडूक. त्याला लागतं काय, तर सावली, पालापाचोळा आणि सतत भिजलेली हवा. सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या गावात ही हवा फुकट मिळते. पण झुडूप काढलं की जमीन उघडी पडते, दोन दिवस ऊन पडलं तरी वरचा थर कोरडा होतो. आणि आपण कटर फिरवतो कधी? नेमका विणीचा हंगाम पुरता सरायच्या आत.

आंबोलीची चर्चा निघाली की सगळे धबधब्यावरच्या गर्दीला शिव्या देतात. मीही देतो. पण हे धबधब्यावरच्या पोरांनी केलेलं नाही, मी केलं, स्वतःच्या जागेत, पैसे मोजून. हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशाची 2020 मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. चांगलंच झालं. माशाला निदान देवळाचा पत्ता तरी आहे. या बेडकाचा पत्ता म्हणजे कुणाच्या तरी परड्याची कड, रस्त्याकडेची झाळी. आपल्या भाषेत त्याला 'रान माजलंय' म्हणतात, आणि माजलेलं काहीही आपल्याला छाटावंसंच वाटतं.

काका म्हणाले, "रान ठेवलंस तर किरडां येतली." खोटं नाही. बेडकांमागे चापडा हा विषारी साप येतो, आणि आमच्याकडे तो आहेच. म्हणून घराच्या बाजूचं सगळं काढायचं, फक्त मागच्या गडग्यालगत दोन हात रुंद पट्टा दसऱ्यापर्यंत तसाच ठेवायचा, असा या वर्षी समझोता झाला. कटरवाल्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आरतीला आलेल्या एकांनी मागे डोकावून विचारलंच, "एवढं साफ केलंत, तेवढीच कड राहिली? माणूस आला नाही वाटतं?"

मी म्हटलं, हो ना, माणसंच मिळत नाहीत हल्ली.