‘मोठ्या कंपनीचं घ्या आणि निर्धास्त राहा’? त्या फॉरवर्डला उत्तर

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखानदारांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: सॉफ्टवेअर मोठ्या कंपनीचंच घ्या. नेटच्या दोन कंपन्यांच्या दोन लाइन घ्या, ऑफिस कधी बंद पडणार नाही. 99.5 टक्के अपटाइम, म्हणजे लाइन चालू राहण्याची हमी, लेखी घ्या. क्लाउडवर गेलात की बॅकअपची कटकट संपली. हिशेबाचं पॅकेज कुठलंही चालतं, सीए बघून घेईल. महापे, रबाळे, वागळे इस्टेटमध्ये दोन-तीन माणसांवर आयटी खातं चालवणाऱ्यांपुढे मालक आता हाच मेसेज धरतात आणि विचारतात, ‘मग तुम्ही एवढे प्रश्न कसले विचारत बसता?’

मोठ्या नावापासून सुरू करू. त्याचा एक फायदा खरा आहे: ते सॉफ्टवेअर येणारा माणूस ठाण्यात चटकन मिळतो. पण त्यापुढची ‘निर्धास्त’ ही भर पदरची. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर काही लहान कंपनी नव्हती. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉम या चिप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने ती घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून सगळं वर्गणीवर नेलं. ज्यांच्याकडे जुनी लायसन्सं होती त्यांची सर्व्हर चालू राहिली, पण सपोर्टचं नूतनीकरण जुन्या पद्धतीने मिळेना. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पाडली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले. तिचं सॉफ्टवेअर घेणारेही नाव बघूनच गेले होते. तेव्हा कंपनी छोटी असो की मोठी, विचारायचं एकच: उद्या सोडायचं ठरवलं तर आमचा डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत द्याल? डेमो देणारा इथे जरा अडखळतो. पुष्कळदा पार्टी मास्टर (गिऱ्हाइकं-पुरवठादारांची यादी) आणि स्टॉकची यादी एक्सेलमध्ये हाती पडते, पण व्हाउचरला जोडलेली बिलं सुटी पडतात, कुठलं बिल कुठल्या नोंदीचं ते कळत नाही. ट्रायलच्या काळातच सगळा डेटा बाहेर काढून बघा.

आता दोन लाइन. सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि तीही कुणी मुद्दाम न करता. बिलं दोन कंपन्यांची असतात, पण शेवटचा तुकडा दोघांनीही एकाच स्थानिक ऑपरेटरकडून घेतलेला असू शकतो. तळमजल्यावरचा शाफ्ट उघडून टॉर्च मारा. वेगवेगळी लेबलं लावलेल्या दोन केबल एकाच पाइपात शिरताना दिसल्या, तर तुमच्याकडे लाइन एकच आहे, भाडं मात्र दोन. बाहेर रस्त्याचं काँक्रिटीकरण निघालं, जेसीबीचा दात लागला, की दोन्ही एका झटक्यात जातात. म्हणून ऑर्डर देण्याआधी मार्गाचा नकाशा मागा आणि इमारतीत शिरण्याची जागा वेगळी आहे का ते स्वतः जाऊन बघा. जमत नसेल तर दुसरी लाइन गच्चीवरची रेडिओ लिंक किंवा 5जी घ्या. मुसळधार पावसात ती थोडी रडेल, पण खोदकाम तिच्यापर्यंत पोचत नाही.

मार्ग वेगळा निघाला तरी काम संपत नाही. ज्यांचं ईआरपी (बिलं, स्टॉक, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) ऑफिसातल्याच सर्व्हरवरून थेट बँकेशी किंवा ई-इनव्हॉइसच्या, म्हणजे जीएसटीचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या, यंत्रणेशी बोलतं, त्यांचा आयपी पत्ता (नेटवरची लाइनची ओळख) तिकडे नोंदवलेला असतो. पहिली लाइन पडली, राउटरने इमानदारीत दुसरीवर उडी मारली, नेट चालू, मेल चालू, आणि बिल मात्र निघत नाही, कारण दुसऱ्या लाइनचा आयपी कुणी कळवलेलाच नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे, म्हणजे माल भरलेली गाडी गेटवरच. एखाद्या शनिवारी दुपारी सगळ्यांना सांगून पहिली केबल उपटा आणि एक बिल काढून बघा. या चाचणीला एक रुपयाही लागत नाही, तरी कुणी करत नाही!

99.5 टक्क्यांचं गणित सोपं आहे. तीस दिवसांच्या महिन्यात 3 तास 36 मिनिटं लाइन बंद राहिली तरी कंपनीने शब्द पाळला असं धरतात, आणि पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल बहुतेक करारांत त्यात मोजतच नाहीत. भरपाई म्हणजे भाड्यातली सूट. महिना तीस हजारांच्या लाइनला अख्खा दिवस गेला, तर भाड्याच्या हिशेबाने सुटतात एक हजार, तेही आपण मागितले तर. टक्क्यांपेक्षा दुरुस्ती किती तासांत होणार आणि रविवारी रात्री फोन कोण उचलणार, हे करारात लिहून घ्या.

क्लाउडवर बॅकअप लागत नाही, हे तर सरळ चूक. सर्व्हर बंद पडू न देणं त्यांचं काम. तुमच्या माणसाने फोल्डर उडवला तर ते तुमचं. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये शेअरपॉइंट या सामायिक फाइलींच्या जागेवरून काढलेली फाइल रीसायकल बिनमध्ये 93 दिवस राहते. राजीनामा दिलेल्या माणसाचं खातं काढून टाकलं, की वेगळी सोय केली नसेल तर त्याची मेलबॉक्स 30 दिवसांनी जाते. ऑडिटरला तीच मेल मार्चमध्ये लागते.

राहिला सीए. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाचं सॉफ्टवेअर असं लागतं, की प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती नोंद कुणाला बंद करता येणार नाही. संगणकावर ठेवलेल्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा, हा नियम ऑगस्ट 2022 चा. ऑडिटर फक्त शेरा मारतो, सॉफ्टवेअर निवडणं कंपनीच्या अंगावर. आणि हिशेबाच्या पलीकडेही सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश आहेतच: सिस्टिमचे लॉग, म्हणजे कधी काय घडलं याच्या नोंदी, 180 दिवस जपायचे, ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे. स्वस्तात मिळालेला राउटर बहुधा लॉग मेमरीतच ठेवतो आणि वीज गेली की ते पुसले जातात. त्याचं कोटेशन मागवताना लॉग बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतो का, एवढा एक रकाना वाढवा.