म्हणे गाडीच चालवते!

टीव्हीवर फॉर्म्युला वनची कार रेस लावली की आमचे भावोजी सोफ्यावरून सुरू: "हल्ली सगळं कॉम्प्युटरच करतो, ड्रायव्हर नुसता बसलेला." अहो, जोरात रेस दिली तरी चाक जागीच घसरत फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल २००८ पासून बंद आहे! ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारं एबीएसही नाही. ब्रेक जरा जास्त दाबला की पुढचं चाक जाम होऊन टायरमधून पांढरा धूर निघतो, ती काय कॉम्प्युटरची उदबत्ती? मग 'खरे ड्रायव्हर तेव्हाचे' म्हणत भावोजींचा ठेवणीतला दाखला: ब्राझीलचा ड्रायव्हर सेन्ना, इंग्लंडमधला डोनिंग्टन ट्रॅक, १९९३. पावसातली पहिलीच फेरी, पाचव्यावरून थेट पहिला. लाजवाबच, वादच नाही. पण त्याच्या त्या मॅक्लारेन गाडीत ट्रॅक्शन कंट्रोलही होतं आणि कॉम्प्युटरने गाडीचा तोल सांभाळणारं अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनही! हे सांगितलं की भावोजींना नेमका तेव्हाच चहा हवा असतो. आणि स्वतः? रिव्हर्स कॅमेरा, सेन्सर, सगळं असून सोसायटीच्या खांबाला दोनदा घासलीय.