‘जड तो चांगला’: गेम कंट्रोलरच्या त्या मेसेजमधलं एकेक कलम

दिवाळी जवळ आली की इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर खरेदीचे सल्ले सुटतात. यंदा गेम कंट्रोलरची पाळी आहे. राजेंद्रनगरपासून राजवाड्यापर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचलेला तो मेसेज थोडक्यात असा: कंट्रोलर हातात जड लागला तरच दर्जेदार समजा. दोन्ही स्टिक (अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांड्या) एका रेषेत असलेला घेऊ नका, अंगठे आखडतात. हॉल इफेक्ट स्टिकचा घ्या, आयुष्यभर बघायला नको. रबरी ग्रिप हवीच. बटणं जितकी जास्त आणि पोलिंग रेट (बटणं-स्टिकची खबर कंट्रोलर सेकंदाला किती वेळा देतो तो आकडा) जितका मोठा, तितका खेळ सुधारतो. मुलांसाठी लहान आकाराचा घ्या. आणि सुरुवातीला अंगठा दुखलाच तर खेळत राहा, सवयीने हात बसतो.

मी कंट्रोलर दुरुस्त करतो, म्हणून काही काका-मावश्यांनी ‘हे बरोबर आहे ना रे?’ असं विचारत मला तो पाठवला. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो.

वजनापासून सुरू करू. या समजुतीला थोडा आधार आहे, हे आधी मान्य करायला हवं. 2006 मध्ये प्लेस्टेशन 3 या गेम खेळायच्या यंत्राबरोबर सोनीने सिक्सअ‍ॅक्सिस नावाचा कंट्रोलर दिला, त्यात कंपनाच्या मोटरी नव्हत्या. तो इतका हलका होता की लोकांना खेळण्यातला वाटला. पुढच्या वर्षी ड्युअलशॉक 3 मध्ये मोटरी परत आल्या, वजन वाढलं आणि तक्रार थांबली. तेव्हापासून ‘जड म्हणजे भारी’ हे डोक्यात पक्कं बसलं. पण ते वजन आलं कुठून? बहुतेक कंट्रोलर उघडलात तर दोन्ही मुठींत एकेक छोटी मोटर दिसते आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला कललेला धातूचा तुकडा असतो. डावीकडचा मोठा, तो मंद घरघर देतो; उजवीकडचा लहान, तो बारीक थरथर देतो. वाढलेल्या वजनाचा बराचसा भाग या मोटरींचा आणि बॅटरीचा. प्लास्टिक किती चांगलं आहे, बटणं किती टिकतील, याबद्दल ते वजन एक अक्षर सांगत नाही.

ड्युअलशॉक 4 सुमारे 210 ग्रॅम होता, त्यानंतरचा ड्युअलसेन्स सुमारे 280 ग्रॅम. दोन्हींवर लोक तासन् तास खेळले आहेत. हाताला जाणवतं ते वजन कुठे आहे, हे. ते मुठीत असेल तर तळहात ते पेलतो. पुढे, ट्रिगरच्या (तर्जनीने ओढायच्या बटणांच्या) बाजूला गेलं असेल तर कंट्रोलर सारखा पुढे झुकतो आणि मनगट त्याला वर धरून ठेवतं. दुकानात तपासायचंच असेल तर शेवटची दोन बोटं आणि तळहात एवढ्यानेच धरा, अंगठे आणि तर्जन्या मोकळ्या सोडा. कंट्रोलर जागेवर राहिला तर तोल ठीक आहे. तसं धरताना मूठ आवळावी लागली, तर तासाभराच्या खेळात ती आवळलेलीच राहणार.

आता स्टिकच्या जागेचा वाद. हा आमच्या गल्लीतल्या पोरांमध्येही रोज होतो आणि मेसेजमधलं हे कलम अर्धं बरोबर असल्यामुळेच जास्त फसवं आहे.

मूठ अर्धवट मिटून बघा. अंगठा आपोआप वरच्या बाहेरच्या बाजूला येऊन थांबतो, तिथे त्याला काही कष्ट नाहीत. खाली आणि आत न्यायचा तर त्याला तळहातावरून आडवं यावं लागतं. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर दोन्ही स्टिक याच खालच्या जागी आहेत, आणि त्याला कारण आहे. 1994 चा मूळ कंट्रोलर स्टिकशिवाय होता. वरची चांगली जागा डी-पॅडने (अधिकच्या चिन्हासारख्या दिशेच्या बटणाने) आणि चार बटणांनी आधीच घेतली होती. 1997 मध्ये स्टिक आल्या तेव्हा उरलेल्या जागेत बसवल्या आणि पुढे तीच रचना कायम झाली. सेगाच्या ड्रीमकास्टने 1998 मध्ये, मग 2001 मध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूबने आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सने डावी स्टिक वर नेली. चालणं-पळणं सगळं डाव्या स्टिकवर असलेल्या गेममध्ये यामुळे डाव्या अंगठ्याला खरोखर आराम मिळतो. इथपर्यंत मेसेजशी माझं भांडण नाही.

पण उजव्या अंगठ्याचं काय? एक्सबॉक्सवरही उजवी स्टिक खालीच, आत आहे, अगदी प्लेस्टेशनसारखी. नेमबाजीच्या गेममध्ये तर नेम आणि नजर दोन्ही उजव्या स्टिकवर असतात, म्हणजे तो अंगठा पूर्ण वेळ त्याच ‘वाईट’ जागी. मेसेजचा तर्क खरा धरला तर एक्सबॉक्सवालेही उजव्या हाताने रडत बसायला हवे होते. उलट मारामारीचे किंवा जुन्या धर्तीचे सपाट गेम डी-पॅडवर खेळणाऱ्याला प्लेस्टेशनची रचना जास्त सोयीची, कारण तिथे डी-पॅड वर आहे आणि एक्सबॉक्सवर तो खाली गेलाय. निन्टेंडोने वी-यू या आपल्या यंत्राच्या प्रो कंट्रोलरवर 2012 मध्ये दोन्ही स्टिक वर नेऊन पाहिल्या. मग उजवीकडची बटणं खाली आली आणि ती दाबायला अंगठ्याला खाली उतरावं लागलं. जागा मर्यादित आहे, अंगठे दोनच आहेत. कोणाला चांगली जागा द्यायची हे तुम्ही कोणते गेम खेळता त्यावर ठरतं. सरसकट ‘घेऊ नका’ म्हणणारा बहुधा एकाच जातीचे गेम खेळतो.

स्टिकबद्दल बोलायचं तर जागेइतकीच उंची आणि स्प्रिंग महत्त्वाची, आणि मेसेजमध्ये त्यांचा पत्ताच नाही. उंच स्टिकच्या टोकाला जोर कमी लागतो, लांब पान्याने घट्ट नट सहज फिरतो तसा. शिवाय टोकाला जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे नेम बारीक धरता येतो. पण तेवढंच अंगठ्याला लांब जावंही लागतं, लहान हाताला ते जड जातं. स्प्रिंग फार कडक असेल तर रेसिंगच्या गेममध्ये वळण धरून ठेवतानाच अंगठा थकतो.

हॉल इफेक्ट. जेलरोडच्या काउंटरवर आता गिऱ्हाईकच ‘भिया, हॉलवाला दिखाओ’ म्हणतं. नेहमीच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनच्या पट्टीवर धातूची एक जीभ घासत फिरते. पट्टी झिजते, धूळ जाते आणि हात न लावताही गेममधला माणूस एका बाजूला चालू लागतो. हाच तो ड्रिफ्ट. हॉल सेन्सरमध्ये चुंबक असतं, त्याच्या क्षेत्रातला बदल मोजला जातो, घासायला काहीच नसतं. म्हणून हा प्रकार चांगलाच, मीही तोच सुचवतो. नवा मात्र मुळीच नाही. ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये 1998 लाच हॉल सेन्सर होते.

‘आयुष्यभर’ हा शब्द मात्र कोणी घातला ते कळत नाही. स्टिकला मध्यावर परत आणते ती स्प्रिंग, आणि ती सैल पडतेच. मग स्टिक केसभर बाजूला थांबते आणि हॉल सेन्सर ते केसभर अंतर इमानदारीने गेमला कळवतो. स्टिकचा दांडा कडेच्या प्लास्टिकच्या रिंगणावर घासून पांढरी भुकटी पडते, ती इथेही पडते. बटणांखालचं रबर, बंपरचा (ट्रिगरलगतच्या बटणाचा) स्विच, बॅटरी, चार्जिंगचं तोंड या कशालाच हॉलशी देणंघेणं नाही. चार्जिंगची पिन वाकडी घालून तोंड तोडलेला कंट्रोलर समोर ठेवून ‘पण हा हॉलवाला आहे’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

रबरी ग्रिपबद्दल थोडक्यात. मागे साच्यातलं वेगळं, जाड रबर असेल तर हरकत नाही. पण स्वस्त कंट्रोलरवर बऱ्याचदा प्लास्टिकवर मऊ रंगाचा थर दिलेला असतो, हाताला मखमली लागतो. घाम, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर कालांतराने विरघळल्यासारखा चिकट होतो. श्रावण-भाद्रपदात कपाटातून काढलेला असा कंट्रोलर हातात धरवत नाही. त्यापेक्षा प्लास्टिकवरच उठवलेला खरखरीतपणा बरा. 2020 च्या एक्सबॉक्स कंट्रोलरच्या ट्रिगरवर आणि मागे बारीक ठिपके आहेत. ड्युअलसेन्सच्या मुठींवर तर प्लेस्टेशनची चार चिन्हंच इतकी बारीक कोरली आहेत की ती नीट बघायला भिंग लागेल. घामट हातातही ती पकड देतात.

पोलिंग रेटचं गणित सोपं आहे. कंट्रोलर सेकंदाला 125 वेळा कळवत असला तर दोन खबरांत 8 मिलिसेकंद. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्रच सुमारे 16.7 मिलिसेकंद पडद्यावर असतं. हजारचा आकडा वाईट नाही, पण टीव्हीवर गेम मोड (चित्र उशिरा दिसणं कमी करणारं सेटिंग) चालू केला नसेल तर तिथेच यापेक्षा कितीतरी जास्त वेळ वाया जातो. गेम मोड फुकट मिळतो, आधी तो चालू करा. मागच्या जादा बटणांचा उपयोग एकच: उडी मारायला उजवा अंगठा स्टिकवरून उचलावा लागू नये. त्याला दोन पुरतात. चार असतील तर कंट्रोलर धरणाऱ्या बोटांखालीच ती येतात आणि नको तेव्हा दाबली जातात.

मुलांचा आकार. मायक्रोसॉफ्टचा 2001 चा पहिला कंट्रोलर इतका अवाढव्य होता की जपानसाठी वेगळा लहान करावा लागला, आणि मग तोच अमेरिकेतही देऊ लागले. 2020 चा कंट्रोलर करताना त्यांनी आठ वर्षांच्या मुलाएवढे हातही विचारात घेतले, आणि तोच मोठी माणसंही वापरतात. बघायचं ते मुठीपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. मुलाने तळहात न सरकवता तर्जनी ट्रिगरवर ठेवली की झालं. ‘किड्स’ लिहिलेला चपटा, छोटा कंट्रोलर बऱ्याचदा उलट काम करतो: धरायला काही नसल्याने बोटं चिमटीत आवळली जातात.

शेवटचं कलम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दुखणाऱ्या अंगठ्याने खेळत राहिलं की हात बसत नाही, अंगठ्याचा स्नायुबंध सुजतो. 1990 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका डॉक्टरांनी 35 वर्षांच्या बाईची हकिकत छापली होती. सलग काही तास निन्टेंडो खेळल्यावर तिचा उजवा अंगठा जबरदस्त दुखू लागला, आणि त्या दुखण्याला त्यांनी ‘निन्टेंडिनायटिस’ असं नाव दिलं. तेव्हाचा कंट्रोलर म्हणजे कोपरे असलेली चपटी आयताकृती वडी. आजचे कितीतरी बरे आहेत, पण अंगठा तोच आहे.

दुखलं तर त्या दिवशी बंद करा. दुसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन सारखं दाबावं लागणारं काम दुसऱ्या बोटाखालच्या बटणावर न्या. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हींत ती सोय आहे. तरीही दुखत राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बोटं नीट चालत नसलेल्यांसाठी तर मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर 2018 पासून आहे: वर दोन थाळीएवढी बटणं आणि मागे 3.5 मिलिमीटरची 19 भोकं, ज्यात पायाने किंवा कोपराने दाबायचे स्विच जोडता येतात. सोनीनेही 2023 मध्ये अ‍ॅक्सेस नावाचा असाच कंट्रोलर काढला. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी आजोबांना नातवाबरोबर खेळायचं असेल आणि संधिवाताने बोटं वळत नसतील, तर आधी या दोघांची माहिती काढा.