'थोडासा रुसलेला' गुडघा: एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या गुलमर्गच्या लेखावर एका वाचकांनी नाव न देता प्रतिक्रिया लिहिली आहे. इतर पन्नास प्रतिक्रियांत ती बुडून जाऊ नये, म्हणून आधी तीच इथे देते:

"लेख खुसखुशीत आहे, प्रामाणिक नाही. पाच मित्रमैत्रिणी, सात दिवस, बर्फ आणि खिदळणं. एकाचा गुडघा 'थोडासा रुसला' म्हणे. म्हणजे नक्की काय झालं? 'दर रविवारी किल्ला चढणाऱ्याला स्कीइंग अवघड नाही' हे वाचून उद्या कुणीतरी हातपाय मोडून घेईल. स्लेजवाल्यांना गोचीड म्हणणं शोभत नाही. अफरवटवरचा फोटो टाकून खाली 'पुढच्या वर्षी इथून खाली!' लिहिता आणि त्याच महिन्यात तिथे माणूस गाडला गेला. मी तीन हिवाळे तिथे गेलोय म्हणून बोलतोय. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ही थेरं करायचीच असतील तर औलीला जाऊन नीट शिका तरी."

दादा (तीन हिवाळे म्हणजे अनुभवानं तरी दादाच), पहिले दोन दिवस मी नुसती धुमसत होते. एक झणझणीत उत्तर लिहूनही ठेवलं होतं. मग ज्याचा गुडघा, त्याला फोन केला. तो म्हणाला, "बरोबरच लिहिलंय की त्यांनी." झालं, माझं उत्तर तिथंच गारठलं. नाव घालायचं नाही एवढ्या अटीवर त्यानं सगळं लिहायची परवानगी दिली आहे.

गुडघा रुसला नव्हता. आतल्या बाजूचा लिगामेंट फाटला होता, अर्धवट. नाशिकला येऊन एमआरआय केल्यावर ते कळलं. शस्त्रक्रिया टळली, पण सहा आठवडे बिजागरीचा पट्टा लावून बसावं लागलं. घरी त्यानं 'हॉटेलच्या जिन्यावरून घसरलो' असं सांगितलं होतं आणि त्याची आई माझा ब्लॉग वाचते. म्हणून 'रुसला'. (काकूंना आता खरं कळलंय. सध्या त्या माझ्याशी बोलत नाहीत.)

तो पडला कसा, हे मी लेखात का गाळलं याला मात्र काकूंचं निमित्त पुरणार नाही. चौथा दिवस, गोल्फ कोर्सजवळचा नवशिक्यांचा उतार. इतका मंद, की आपल्याकडे त्यावर पोरं सायकल शिकतील. 'वी बनाओ, वी!' असं आमचे उस्ताद ओरडत होते, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि मागच्या बाजू फाकवून ब्रेक लावायचा. त्याची टोकं एकमेकांवर चढली आणि तो सावकाश, अगदी बसल्यासारखा, एका कुशीवर कलंडला. अंग वळलं, डावी स्की होती तिथंच राहिली. आम्ही हसलो. तो उठेना तेव्हा हसू थांबलं.

वेगानं आपटला असता तर बहुधा स्की सुटली असती. बूट स्कीला धरून ठेवणारं जे बाइंडिंग असतं, ते ठरावीक जोर आला की बूट सोडून देतं: पुढे पीळ बसला तर, किंवा टाच वर उचलली गेली तर. तो जोर एका आकड्यावर लावायचा असतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्हाला स्कीइंग किती येतं, यावरून तो आकडा ठरतो. पण माणूस सावकाश पिळत पडला तर जोर तेवढा चढतच नाही आणि बाइंडिंग गप्प बसतं. ते मुळात नडगी वाचवायला आहे, गुडघ्याची हमी ते देत नाही. हे सगळं मला आता, परत आल्यावर माहीत झालंय. भाड्याच्या दुकानात आम्हाला बुटाचा नंबर विचारला, वजन नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण सांगायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. तुमची प्रतिक्रिया वाचून मी फोटो मोठे करून पाहिले. त्याच्या बाइंडिंगवर ६. माझ्याही ६. त्याचं वजन ९१, माझं ५८. त्याचा आकडा कदाचित ठीकच होता, माझ्यासारख्या हलक्या आणि नवख्या बाईला मात्र तो फारच घट्ट. म्हणजे हिशेबानं जायला हवा होता तो माझा गुडघा. हे कळल्यावर रात्री बराच वेळ झोप आली नाही.

किल्ल्यांचं वाक्य तुम्ही धोकादायक म्हणता. मी म्हणते ते सपशेल उलटं आहे. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना आपण काय करतो? अंग डोंगराकडे, टाचा रुतवायच्या, फारच झालं तर सरळ बूड टेकवायचं. वीस वर्षं पायांना हेच शिकवलंय. स्कीवर उतार दिसला की ते आपोआप तसंच वागतात आणि नेमकं तिथंच फसतात. मागे रेललं की स्की पायाखालून पळतात, वळवता येत नाहीत. उलट नडग्या बुटाच्या पुढच्या कडेवर दाबून दरीकडे झुकायचं असतं. ज्या दरीकडे झुकू नकोस म्हणून आयुष्यभर लोक ओरडले, तिच्याकडे! आमच्यात जी कधीच कुठला गड चढली नाही, ती मैत्रीण तिसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या पुढे होती. किल्ल्यांचा उपयोग झाला तो एवढाच, की स्की खांद्यावर टाकून चालताना धाप कमी लागली. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या माथ्याहून आणखी हजार मीटर वर. ते वाक्य मी लेखातून काढलंय.

आता गोचीड. हा शब्द मी कुठल्या तोंडानं लिहिला, हे तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगते. गोल्फ कोर्सवरून आमच्या मित्राला रस्त्यापर्यंत कुणी आणलं असेल? स्लेजवाल्यानंच, म्हणजे पर्यटकांना बर्फावरच्या घसरगाडीवरून फिरवणाऱ्यानं. त्याच दिवशी सकाळी 'नहीं चाहिए, बोला ना' म्हणून मी ज्याच्यावर खेकसले होते, तोच. गुडघ्याखाली घोंगडी घडी करून ठेवली, स्वतः पुढे बसला आणि गमबुटांच्या टाचा बर्फात रोवत, ब्रेक लावत, एकही हिसका न देता खाली घेऊन आला. पैसे घेतले, पुरते घेतले, आणि घ्यायलाच हवे होते. पाच जणांत पोस्टपेड फोन एकाकडेच होता (बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही) आणि तो फोनवाला वर ड्रॅग लिफ्टच्या (स्कीवाल्यांना उतारावर ओढून नेणाऱ्या दोराच्या) रांगेत. टंगमर्गला एक्स-रेसाठी न्यायला गाडीही त्या स्लेजवाल्यानंच त्याच्या फोनवरून बोलावली.

आणि ते लोक आमच्या मागे का लागले होते, हेही लेखात यायला हवं होतं. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस तिथे चिल्लाई कलान म्हणतात, बर्फाचा खरा हंगाम. आम्ही गेलो त्या वर्षी, २०२४च्या जानेवारीत, महिना संपत आला तरी गुलमर्गला वाळकं गवत दिसत होतं. आम्ही स्वतः जानेवारीचं बुकिंग फेब्रुवारीवर ढकललं होतं, 'नशीब, पैसे परत मिळाले' म्हणून लेखात आनंदही व्यक्त केला होता. ज्यांचं वर्षाचं मीठमिरची त्या चाळीस दिवसांवर असतं, त्यांना कोण परत देणार? महिनाअखेरीस एकदाचा बर्फ पडला आणि आम्ही गेलो तेव्हा त्यांची कमाई नुकती कुठे सुरू झाली होती. ते मागे लागणार नाहीत तर काय करतील? शब्द काढलाय. काढला म्हणून मी लिहिलाच नव्हता असं होत नाही, म्हणून इथं सांगतेय.

आता अफरवट, म्हणजे गुलमर्गच्या वरचा डोंगर. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा सुमारे ३९५० मीटरवर सोडतो. तिथून खाली दिसणारा पांढरा उतार इतका गुळगुळीत दिसतो, की 'हे तर गोल्फ कोर्सच, फक्त मोठं' असं मनात येतंच. मला आलं आणि मी ते फोटोखाली लिहिलं. गोंडोलाच्या खालचा खोलगट भाग स्की पेट्रोलच्या, म्हणजे गस्तीपथकाच्या, देखरेखीत असतो, हिमकडे सैल झाले तर ते आधी पाडून घेतात. त्याच्या बाहेर पाऊल टाकलं की तुम्ही आणि तुमचं नशीब. अंगावर बीकन (गाडलं गेल्यास जागा सांगणारं संदेशयंत्र), सोबत्याकडे फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची काठी, आणि ती वापरता येणारा सोबती. गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच काय ती असतात, तेवढ्यात खालून कुणी पोचत नाही. १ फेब्रुवारी २०२३ला तिथे दोन पोलिश स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ला एक रशियन. तो फोटो मी १९ तारखेला टाकला होता, तीन दिवसांनी बातमी वाचली, हळहळले, आणि ओळ तशीच राहू दिली. याला सबब नाही.

पण दादा, 'थेरं' हा शब्द मी परत करते. आमच्यात सगळ्यात लहान शेहेचाळीसची, मोठा एकोणपन्नासचा. कॉलेजात असताना आमच्यापैकी कुणी बर्फ पाहिला नव्हता, पुढे मुलं, हप्ते, आजारपणं. माणशी साधारण बासष्ट हजार आले: विमान, राहणं, भाड्याचं सामान, उस्तादांची फी. स्वस्त नाही, मान्य. पण त्या आठवड्यात आम्ही साठ-साठ वेळा पडलो आणि या वयात कुणासमोर इतकं निर्लज्जपणे पडायला मिळतं कुठे? अडाणीपणे गेलो हा दोष आहे, वयानं गेलो हा नाही. तुमच्याही शेवटच्या हिवाळ्यात तुम्ही काही पंचविशीचे नसाल.

उत्तराखंडातल्या औलीचं म्हणाल तर सल्ला चांगला आहे. गढवाल मंडळ विकास निगमाचे तिथे नवशिक्यांसाठी सात दिवसांचे वर्ग असतात. गुलमर्गलाही पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग संस्था शिकवते, ती आम्ही चौकशी न करताच सोडली. औलीला जाणाऱ्यांनी मात्र जोशीमठच्या रोपवेच्या भरवशावर राहू नये, जमीन खचू लागल्यापासून, २०२३च्या जानेवारीपासून, तो बंद आहे. रस्त्यानं जावं लागतं.

अफरवटचा फोटो ठेवलाय, खालची ओळ बदललीय: 'इथून आम्ही ज्या केबिनमधून वर आलो, त्याच केबिनमधून खाली गेलो.' पट्टा उतरल्यापासून गुडघेवाला पुन्हा तारखा बघतोय, म्हणून एक विचारते. तीन हिवाळ्यांत, स्की भाड्यानं घेताना, तुमचं वजन कुणी विचारलं होतं का? विचारलं असेल तर ते दुकान कुठलं, तेवढं मला निरोपातून कळवा.