‘माल ओढलेला दिसत नाही’ या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार.

मागच्या आठवड्यात ‘धंद्याला आणि घराला मिळून एकच गाडी’ हा लेख टाकला होता. ज्याचं काम हत्यारं, तीन-चार माणसं आणि बेताचा माल घेऊन गावोगाव फिरायचं आहे, आणि त्याच गाडीतून ज्याला घरच्यांनाही न्यायचं असतं, त्यानं डबल केबिन पिकअपचा (ड्रायव्हरच्या मागं सीटची आणखी एक ओळ असलेल्या मालगाडीचा) विचार करावा, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर कराडच्या एका वाचकांनी नऊ-दहा ओळींची प्रतिक्रिया दिली आहे. तिचा सार असा: डबल केबिनचा हौदा, म्हणजे मागची माल ठेवायची जागा, आखूड असतो. रिकामी गाडी उड्या मारते. पिवळ्या पाटीला, म्हणजे मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीला, वेगळं लायसन लागतं, त्यामुळे घरचं दुसरं कोणी ती चालवू शकत नाही. पासिंगबद्दल, म्हणजे आरटीओच्या तपासणीबद्दल, लेखात चूक आहे. आणि जवळपास तेवढ्याच पैशात सिंगल केबिन पिकअप अधिक घरासाठी एक जुनी छोटी कार येते. शेवटी हे वाक्य आहे, ते जसंच्या तसं देतो: “लेखकानं आयुष्यात कधी माल ओढलेला दिसत नाही, शोरूमच्या काचेतून गाड्या बघून सल्ले देणं सोपं असतं.”

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं असं मी लिहिलं होतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांतून एकदा असतं आणि पुढं दरवर्षी. 2018 साली नियम बदलला, माझ्या डोक्यात जुनाच बसला होता. लेखातली ओळ दुरुस्त केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याकडं येतो. खरं सांगायचं तर बाकीच्या ओळींसाठी मी हे लिहायला बसलोच नसतो. हौदा, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), पासिंग यांवर दोन माणसांची दोन मतं असू शकतात. पण ‘कधी माल ओढलेला दिसत नाही’ हे गाडीबद्दलचं मत नाही. ते माझ्याबद्दलचं आहे, आणि ते मला न विचारता, न ओळखता लिहिलेलं आहे.

माझ्या वडिलांचं तासगावात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं, दुकान होतं. शाळा सुटली की मी दुकानात. जळालेल्या मोटरची तार काढायची, स्टेटर घासायचा, वार्निशच्या वासात बसून अभ्यास करायचा. मोटर पोचवायची ती सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं आवळून. चढ लागला की वडील हँडल धरायचे आणि मी मागून मोटर खांद्यानं रेटायचो. तेव्हा मी सातवीत होतो. तो माल नव्हता का?

पुढं आम्ही दुरुस्तीबरोबर बोअरमधून मोटर काढण्या-सोडण्याचंही काम घेतलं. 2009 ला जुना छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस हा छोटा टेम्पो, घेतला. टाटांनी तो 2005 साली बाजारात आणला, दोन सिलिंडर, 702 सीसी, 16 हॉर्सपॉवर. त्या सोळा घोड्यांवर आम्ही सावळज, मणेराजुरी, कवठेमहांकाळ, जतपर्यंत धंदा केला. नंतर सिंगल केबिनचा मोठा पिकअप घेतला, तुम्ही जो घ्यायला सांगता तोच. आठ-नऊ फुटी हौदा, मजबूत पाटे, टनभर माल. तो मी पाच वर्षं चालवला. म्हणजे तुमचा सल्ला मी तुम्ही द्यायच्या आधीच पाच वर्षं पाळून बसलो होतो.

तर माल ओढणं म्हणजे काय ते एकदा लिहूनच टाकतो. एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी झालेली असते. काडी फुटायला पाणी हवं असतं आणि नेमक्या त्याच दिवसांत मोटरी जळतात. शेतीची लाइट रात्रीची असली की फोनही रात्रीच येतो. चारशे फुटांवर मोटर असेल तर वीस फुटी वीस पाईप बाहेर काढायचे. बोअरवर तिपाई उभी करायची, चेन पुली लावायची, पाईप वर घ्यायचा, खालच्या पाईपला क्लॅम्प आवळायचा, वरच्याचं सॉकेट पान्यानं सोडवायचं. आतलं पाणी अंगावर येतं. पाईप खांद्यावर घेऊन बांधावर नेऊन ठेवायचा आणि परत बोअरवर यायचं. वीस वेळा. बॅटरीच्या उजेडात. क्लॅम्प एकदा जरी निसटला तर शेतकऱ्याची मोटर, पाईप, केबल सगळं तळाला जातं, आणि त्याच्या तोंडाकडं बघायची हिंमत होत नाही. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. चार माणसं लागतातच.

आणि ही चार माणसं सिंगल केबिनमध्ये बसत नाहीत. तुम्ही हौद्याची लांबी मोजलीत, माणसं मोजलीच नाहीत. पुढं ड्रायव्हर धरून दोघं, दाटीवाटीनं तिसरा. बाकीची पोरं मागं हौद्यात, मोटर आणि चेन पुलीच्या मधे. सगळेच तसं करतात, आम्हीही करायचो. 2017 च्या उन्हाळ्यात पहाटे तीनच्या सुमाराला परत येताना मणेराजुरीच्या अलीकडं रस्त्यात कुत्रं आलं. मी ब्रेक दाबला. मागं दहा हॉर्सपॉवरची मोटर आडवी ठेवलेली, तिला लाकडाचा अडसर लावायचा घाईत राहून गेला होता. ती गडगडत पुढं आली आणि एका पोराच्या पायावर बसली. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता ‘दादा’ म्हणाला. मी फाळका (हौद्याची मागची फळी) पाडून वर चढलो तेव्हा त्याची चप्पल मोटरखाली होती आणि पाय चपलेत होता. तसंच मिरजेला दवाखान्यात नेलं. दोन ठिकाणी हाड मोडलेलं, अडीच महिने प्लास्टर. तेवढे दिवस त्याचा पगार आणि औषधपाणी मी केलं. ते करायलाच हवं होतं. चूक गाडीची नव्हती, माझी होती. मालाच्या गाडीत हौद्यात माणूस बसवणं कायद्यात बसत नाही, आणि काही झालं तर विम्याच्या भरवशावर राहता येत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी मी तो पिकअप विकला आणि डबल केबिनची बोलेरो कॅम्पर घेतली. मागच्या सीटवर तिघं, पुढं दोघं, सगळी दरवाजाच्या आत. तोच पोरगा आजही माझ्याकडं आहे, आता तोच पान्यावर असतो. मी शोरूमच्या काचेतून गाडी बघितली होती, हे खरं आहे. सगळेच बघतात. पण काचेच्या अलीकडं मी काय घेऊन उभा होतो ते तुम्हाला दिसलं नव्हतं, आणि दिसलं नव्हतं तर लिहायचं नव्हतं.

ब्लॉगवर कुणाशी भांडायला मी येत नाही. पण गेल्या दोन-तीन वर्षांत बघतोय, लेखात एखादी गोष्ट पटली नाही की लोक लेख सोडतात आणि लिहिणाऱ्याला धरतात. ‘हौदा आखूड पडतो, याचं काय?’ एवढं विचारलं असतंत तर मी टेप लावून मापं कळवली असती. तुम्ही स्वतः काय काम करता, कुठली गाडी चालवता, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठंच नाही. आपलं नाव झाकून दुसऱ्याच्या कष्टाला शोरूमची काच म्हणायचं, ही कुठली रीत? आमच्याकडं पाराच्या कट्ट्यावरसुद्धा आधी ‘कुठलं गाव, काय करता’ असं विचारतात, मग वाद घालतात.

हौद्याचं सांगतो. वीस फुटी पाईप पाच फुटी हौद्यात मावत नाही, तसा नऊ फुटीतही मावत नाही. दोन्हीकडं तो वरच जातो. मी केबिनवर आणि फाळक्याच्या वर अँगलचा स्टँड फॅब्रिकेटरकडून करून घेतला, त्यावर रबर लावला, पाईप तीन जागी पट्ट्यानं आवळतो. हौद्यात मोटर, चेन पुली, तिपाई आणि केबलची गुंडाळी आरामात बसतात. ज्याला सिमेंट, वाळू, भाजीचे क्रेट, बेदाण्याचे बॉक्स ओढायचेत त्यानं सिंगल केबिनच घ्यावी. हे मी लेखात लिहिलं होतं, दुसऱ्याच परिच्छेदात. तिथपर्यंत वाचलं असतं तर बरं झालं असतं.

रिकामी गाडी उडते, उडणारच. मागचे पाटे भरल्या गाडीसाठी बांधलेले असतात. म्हणून मी चेन पुलीची पेटी कायम हौद्यात मागच्या ॲक्सलच्या वर ठेवतो, आणि घरच्यांना घेऊन लांब जायचं असलं की मागच्या टायरमधली हवा कंपनीनं रिकाम्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यावर आणतो. आई पंच्याहत्तरीची आहे, तिला घेऊन औदुंबरला जाऊन आलोय, तिची तक्रार नव्हती.

लायसनच्या बाबतीत मात्र तुम्ही ठामपणे चुकीचं लिहिलं आहे, आणि ते वाचून कुणाचा तरी निर्णय बदलेल म्हणून सविस्तर सांगतो. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचं लायसन असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवू शकतो, त्यासाठी लायसनवर वेगळी नोंद लागत नाही. विमा कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं, प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडं गेलं, आणि 6 नोव्हेंबर 2024 ला घटनापीठानं तोच निकाल कायम ठेवला. आपल्या पिकअप सगळ्या या वजनाच्या कितीतरी खाली आहेत. शिवाय गाडीचं भरलेलं वजन तीन हजार किलोच्या आत असलं तर मालवाहतुकीचं परमिटही लागत नाही. माझी बायको साध्या लायसनवर कॅम्पर चालवते, परवाच पलूसला जाऊन आली. दुसऱ्याला ‘सल्ले देणं सोपं’ म्हणताना निदान स्वतःचा सल्ला तपासून घ्यावा.

पिवळी पाटी नकोच असेल तर इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या पांढऱ्या पाटीवर मिळतात. व्ही-क्रॉस 2016 पासून आपल्याकडं आहे, हायलक्स 2022 ला आली. दोन्ही सव्वापाच मीटरच्या वर लांब. बसायला कारसारख्या, ओढायला दमदार, पण किमती बघता माझ्यासारख्या मोटरवाल्याला त्या झेपत नाहीत. चिखलातल्या बोअरवर तेवढ्या महागाची गाडी घालायला हात धजत नाही. ज्याला परवडते त्यानं जरूर घ्यावी.

राहिला तुमचा दोन गाड्यांचा हिशोब. तो ज्याचा त्यानं करावा. दोन विमे, दोन सर्व्हिसिंग आणि दारात दोन गाड्या उभ्या करायला जागा, हे सगळं ज्याच्याकडं आहे त्याला माझा लेख लागूच नाही. माझ्या गल्लीत एक लावली की शेजाऱ्याची मोटरसायकल निघत नाही.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढं काही लिहायचं असेल तर गाडीवर लिहा, उत्तर देईन. आणि मणेराजुरीच्या बाजूला कधी आलात तर एप्रिलमध्ये या, रात्री अकरानंतर. पाना कसा धरायचा ते तोच पोरगा दाखवेल.