अंगठ्याची निगा

ताई, बँक आता दारात आली आहे. दार तुमचं नव्हे, फाट्यावरच्या रिचार्जच्या टपरीचं. तिथे बँकमित्र बसतो. आधार नंबर सांगायचा, यंत्रावर अंगठा टेकवायचा, पैसे हातात. इतकं सोपं आहे, म्हणून तयारी आठवडाभर आधी सुरू करावी.

भांडी घासून, ऊस तोडून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्राला झिजलेला माणूस ओळखू येत नाही. तेव्हा आठवडाभर कामाला जाऊ नका. मजुरी बुडेल, पण त्यामुळेच पैसे काढायची ओढ टिकते. रात्री अंगठ्याला खोबरेल चोळा, सकाळी पुसून टाका. तेलकट बोट यंत्राला चालत नाही. एक बोट नाकारलं तर दुसरं पुढे करा. देवाने दहा उगाच दिलेली नाहीत. बँकमित्राला कमिशन बँक देते, तरी त्याने वर दहा-वीस मागितले तर द्यावेत. मैत्री म्हटली की आलंच.

खात्यात काही नाही म्हणून लाजू नका. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झालं, पुढे रिकाम्या खात्यांचा आकडा बोचू लागला, तेव्हा काही शाखांनी आपणच एकेक रुपया भरल्याच्या बातम्या २०१६ मध्ये आल्या होत्या. सख्खा दीर तरी टाकतो का रुपया?

देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. त्यामुळे सातपुड्यात रेंज नाही अशी कुरकुर करू नये. ओळख आधी पोचली, रेंज मागून चालत येते आहे. ओटीपी हवा तर टेकडी चढा, छातीला बरं असतं. लाडक्या बहिणीच्या दीड हजारासाठी २०२५ मध्ये ई-केवायसी आलं, त्यात नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागितलं. दोघेही वारलेल्या बायका असतात, हे पोर्टलला नंतर सुचलं.

कधी खात्यातून पैसे जातात, हातात येत नाहीत. रडू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे : ५ दिवसांत परत मिळाले नाहीत, तर पुढे रोज १०० रुपये भरपाई. बसल्या जागी रोजगारच की! फक्त पैसे आलेच नाहीत तर दाद मागायला शाखेत जावं लागतं, आणि शाखा तालुक्याला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे सरकारने विचार केलेला दिसतो.

एवढं करून नड भागली नाही, तर मोबाइलवर कर्ज देणारं ॲप उतरवून घ्या. अंगठा नको, शाखा नको, ओळखीच्या सगळ्यांचे नंबर तेवढे ॲपला बघू द्यायचे. हप्ता चुकला की वसुलीचा फोन येतो. त्याला टेकडी लागत नाही. चुलीपाशी, भाकरी थापतानासुद्धा तो लागतो.