राजाश्रय गेला, पलटण राहिली

राजाश्रय संपला की पलटणीची ओळख पुसली जाते, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. आमच्या बेळगावचंच बघा, इथे मराठा लाइट इन्फंट्री या लष्कराच्या पायदळ रेजिमेंटचं केंद्र आहे. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीची १९ वी बटालियन झाली. ११७ व्या मराठा पलटणीला पहिल्या महायुद्धानंतर ‘रॉयल’ किताब मिळाला होता. पण जवान ओरडतो ते ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’, इंग्लंडच्या राजाचं नाव नव्हे! पहाटे कॅम्पातून दूध घालायला जाताना धावणाऱ्या रंगरुटांच्या तोंडून ती गर्जना ऐकते, तेव्हा सायकल आपोआप थांबते. शपथविधीला खानापूर-चंदगडच्या आया नऊवारीत येतात, पोराच्या टोपीवरून हात फिरवतात. शेजारी कन्नड बोलणारी माउलीही तशीच रडत असते.